गुरुजींचं वजन उतरलं, पण कशानं?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"ताई, आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वय ६०. ११ वर्षांपासून शुगर, ६ वर्षांपासून बीपी. फेब्रुवारीत तालुक्याला सात दिवसांचं योगशिबिर झालं. शेवटच्या दिवशी तपासलं तर उपाशीपोटी शुगर ११८. त्या दिवसापासून गोळ्या बंद. रोज पहाटे अर्धा तास कपालभाती, मग भस्त्रिका, मग भिंतीला टेकून शीर्षासन, वरून दुधीचा रस. म्हणतात, 'आते गोयास्नी गरज नही.' मागच्या आठवड्यात मी हट्टानं तपासायला लावलं तर उपाशीपोटी २१४ आणि जेवणानंतर ३१२. तरी म्हणतात, शरीरातली घाण बाहेर पडतेय, आधी वाढतं मग उतरतं. वजन चार किलो उतरलंय, गल्लीत सगळे कौतुक करतात. तहान फार लागते, रात्री तीनदा उठतात. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो, ३१ वर्षांचा आहे. त्याची तीन महिन्यांची सरासरी ६.१ आली. योगानं टळेल का, असं तोही विचारतो. माझं म्हणाल तर उपकेंद्रात दोनदा बीपी १५६/९४ निघालं, पण त्रास काही नाही. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून योग माझ्या कामाचा नाही. यांना कसं समजवू ते सांगा."

ताई,

वजन उतरलं आणि रात्री तीनदा उठतात, ही दोन वाक्यं तुम्ही पाठोपाठ लिहिली आहेत. गल्लीतल्यांना पहिलंच दिसतं, दुसरं रात्रीचं आहे. पण दोन्हींचं कारण एकच. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. म्हणून तहान लागते, म्हणून रात्रीचं उठणं. खाल्लेलं अंगी लागण्याआधीच वाहून जातं, मग शरीर आधी साठवलेली चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. कणगीला खालून उंदरानं भोक पाडलं की कणगी हलकी होतेच. तिला पाहून 'यंदा घरात जपून खाल्लं' असं आपण म्हणतो का?

तेव्हा पहिलं काम समजावण्याचं नाही, डॉक्टरकडे नेण्याचं आहे, आणि तेही दोन दिवसांत. जुनी चिठ्ठी, बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि नवे रिपोर्ट पिशवीत घाला. गोळ्या किती दिवस बंद होत्या ते खरं सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, डॉक्टर हे रोज ऐकतात. घरच्या घरी जुन्या सगळ्या गोळ्या एकदम सुरू करून मोकळं होऊ नका. कुठली, किती, कशी सुरू करायची ते त्यांना ठरवू द्या. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, शिवाय डोळ्याच्या पडद्याची तपासणी, एवढं मागून घ्या. ११ वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायचाच असतो. गुरुजींचा शेवटचा कधी तपासला होता, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही.

मधल्या दोन दिवसांत उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, गुंगी यांपैकी काही दिसलं तर दिवस मोजत बसू नका. छातीत दाब आला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हातातला पेला निसटला, बोबडी वळली, तर लगेच १०८ला फोन.

आता शिबिराचं.

शिबिराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. गुरुजींचा विश्वास बसला, त्याला कारण होतं. ते ११८ खोटं नव्हतं. आठवून पाहा, त्या सात दिवसांत काय काय झालं असेल. पहाटे उठून तास-दीड तास अंग हललं. साखरेचा चहा नाही. जेवणात मूग, भाकरी, भाज्या, काकडी. संध्याकाळी भजी नाही, शेवभाजीची तर्री नाही. रात्री लवकर झोप. त्यातून आधीच्या गोळ्यांचा परिणाम चालूच होता. ११ वर्षं जे डॉक्टर सांगत होते ते सात दिवस घडलं आणि शुगर उतरली. मग शिबिर संपलं, घरचा चहा आला, लग्नसराईची वरण-बट्टी आली. शिबिरातलं नाव घेण्यासारखं एकच घरी आलं, ते कपालभाती. आणि सगळं श्रेयही त्यालाच मिळालं.

बीपीच्या गोळीत आणखी एक गंमत आहे, म्हणजे फसवी गंमत. काही गोळ्या थांबवल्या तरी त्यांचा असर लगेच जात नाही, काही दिवस रेंगाळतो. माणूस आज गोळी बंद करतो, उद्या बीपी मोजतो, बरं निघतं. परवाही बरं निघतं. त्याची खात्री पटते. मग तो मोजायचं सोडतो आणि नेमकं तेव्हापासून ते चढायला लागतं. बीपीच्या काही जातीच्या गोळ्या तर अशा असतात की एकदम सोडल्या तर ते पहिल्यापेक्षा जास्त उसळतं. गुरुजींचं बीपी या दोन महिन्यांत कुणी मोजलंय का? पत्रात साखरेचे चार आकडे आहेत, त्यांच्या बीपीचा एकही नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. ३१ वर्षं मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि गेली १२ वर्षं जळगावात सकाळचा योगवर्ग घेते आहे. वर्ग सुरू केला त्याच सुमाराला मला बीपी निघालं, गोळी सुरू झाली. लोकांना श्वास शिकवणारी बाई स्वतः गोळी खाते, हे मनाला खुपायला लागलं. एक दिवस गुपचूप बंद केली. घरात सांगितलं नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तीन आठवड्यांनी वर्गातल्या एका मावशींचं बीपी मोजलं आणि सहज स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. १६८/१०२. उभा जन्म लोकांचं बीपी मोजण्यात घालवलेली मी काय केलं असेल? मशीनचे सेल बदलले. पुन्हा तेच. मग डाव्या हाताला बांधून पाहिलं. मग मावशींनाच म्हणाले, आज जरा झोप झाली नाही. मावशी म्हणाल्या, "ताई, मना बीपी जास्ती निंघस तव्हय तुम्ही अशी सवलत देतस नही."

दुसऱ्या दिवशी गोळी सुरू. तीच गोळी आजही चालू आहे. श्वासही चालू आहे. पुढे वर्षभरानं डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, तोही सलग लिहिलेल्या आकड्यांची वही पाहून.

त्या तीन आठवड्यांनी मला एक शिकवलं. गोळी सोडणारा माणूस अडाणी नसतो. गोळी रोज सकाळी त्याला सांगते की तू आजारी आहेस, आणि आसन सांगतं की तू अजून धडधाकट आहेस. सकाळी सकाळी कुणाचं ऐकावंसं वाटेल? गुरुजींशी बोलताना एवढं ध्यानात ठेवा. 'तुम्हाला काही कळत नाही' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ३५-३६ वर्षं वर्गाला शिकवलेल्या माणसाला ते कसं पचेल?

त्यांना पटेल असं मी एक सांगते, आणि ते त्यांच्याच गावचं आहे. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्यांच्या आधीही योगी पुष्कळ होते. यांचं वेगळेपण असं की त्यांनी योगाला क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभं केलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं, आतडं कुठे सरकतं, आतला दाब किती होतो, हे पाहिलं आणि मोजलं. गुरूंवर श्रद्धा होती, तरी मोजलं. आणि मोजलेलं छापलं. योगाचा एवढा अभिमान असलेल्या गुरुजींनी अमळनेरच्या या मास्तराचा कित्ता गिरवायला काय हरकत आहे? २१४ला 'घाण बाहेर पडतेय' असं नाव देणं म्हणजे पोराला गणितात ३५ पैकी ९ पडले आणि बाप म्हणाला, आधी कमी पडतात, मग वाढतात. गुरुजींनी असा पालक शाळेत उभा केला नसता.

दुसरं कपालभातीचं. हठयोगाचा जुना ग्रंथ आहे, हठप्रदीपिका. त्यात कपालभाती प्राणायामात मोडतच नाही. धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीला, शुद्धिक्रियांत येते. नाक शिंकरतो तशी, आतलं साफ करण्याची क्रिया. शिंकरण्याला कुणी अर्धा तास देत नाही. त्याच ग्रंथात असंही म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच श्वास, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांच्या वेदना होतात, हेही तिथंच लिहिलंय. म्हणजे अति करू नका हा इशारा ॲलोपॅथीवाल्यांनी मागाहून घुसडलेला नाही.

तेव्हा डॉक्टर पाहीपर्यंत कपालभाती, भस्त्रिका आणि शीर्षासन तिन्ही बंद. जोरजोरात झटके देऊन श्वास सोडणं आणि श्वास कोंडून धरणं बीपी ताब्यात नसलेल्यानं करू नये. हर्नियावाल्यानं नको, काचबिंदूवाल्यानंही नको. डोकं खाली पाय वर केलं की डोळ्यातला दाब वाढतो. शुगरनं पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर त्या फुटायला असा ताण पुरतो. म्हणून आधी डोळे तपासा, मग पाहू.

दुधीचा रसही थांबवा. दुधीची भाजी खुशाल खा. पण कच्च्या रसाचा घोट कडू लागला तर लगेच थुंकून टाकायचा, 'औषध कडूच असतं' म्हणून गिळायचा नाही. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं. त्यानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दवाखान्यात पोचली आहेत, काही दगावलीही आहेत.

मग योगानं होतं तरी काय? होतं, पण त्याच्या मापानं होतं. आपल्याकडे २४ दवाखान्यांत मिळून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. २०२०मध्ये तो छापून आला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला योग शिकवला. पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू यांत निर्विवाद म्हणता येईल अशी घट दिसली नाही. पण योगवाल्यांना जगणं जास्त बरं वाटत होतं आणि ते आपल्या रोजच्या कामाला अधिक चांगले परतले होते. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो कुणाचीच बाजू घेत नाही. आणि ध्यानात घ्या, त्यातल्या कुणाच्या गोळ्या काढून घेतल्या नव्हत्या. शुगरचंही तसंच आहे. नियमित आसनं, चालणं, नीट झोप यांनी शुगर थोडी उतरते, बीपी चार-सहा आकड्यांनी खाली येतं. गोळ्यांच्या जोडीला हे 'थोडं' मोलाचं आहे. गोळ्या काढून त्यांच्या जागी बसवलं तर पुरत नाही.

श्वासाचं काम कसं चालतं ते स्वतःच्या हातावर पाहा. मनगटाची नाडी दोन बोटांनी धरा. सावकाश श्वास आत घ्या, मग आणखी सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित घाईत आणि सोडताना संथ होते. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाला 'दमानं घे' असा निरोप जातो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत बसलेली दाबाची राखण अधिक नीट काम करते आणि शिरा सैलावतात. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. वय झालेल्यांना आणि जुन्या शुगरवाल्यांना नाडीतला हा फरक कमी जाणवतो, म्हणून गुरुजींना नाही कळला तर त्यावरून वाद नको.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. इटलीतल्या संशोधकांनी २३ धडधाकट माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, एकदा 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला. म्हणणाऱ्यांना आकडे मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्यातली मोठी माय आठवली. संध्याकाळी ओट्यावर बसून एका दमात हरिपाठाचा एकेक चरण म्हणायची. तिचं बीपी कुणी कधी मोजलं नाही, तेव्हा तिचा दाखला देत नाही. आठवली एवढंच.

आता तुमचं. चार पानांत तुमच्या वाट्याला तीन ओळी आल्या. १५६/९४, दोनदा. "पण त्रास काही नाही." ताई, बीपी त्रास देऊन येत नाही. डोकं दुखलं तरच बीपी, हा गैरसमज गुरुजींच्या 'घाण बाहेर पडतेय'च्याच जातीचा आहे. त्यांना डॉक्टरकडे न्याल त्याच खेपेत स्वतःलाही दाखवा, केसपेपर दोघांचे काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. तिथपर्यंतचा प्रवासही तुम्ही 'यांच्यासाठी' म्हणून करणार असाल तर करा, पण करा.

त्याआधी जमलं तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. दंडाला बांधायचं मशीन चांगलं, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला उशीवर. एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. चुलीवर भाकरी टाकताना मध्येच येऊन मोजलेलं धरू नका. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर ते बीपीच आहे, दवाखान्याची भीती नाही.

गुडघ्यांमुळे योग तुमच्या कामाचा नाही हे तुम्ही कुणाचं ऐकून लिहिलंत? श्वास घ्यायला गुडघे लागत नाहीत. ओट्यावर, खुर्चीवर, अगदी बाजेच्या कडेला बसा, फक्त पाय टेकले पाहिजेत. डोळे मिटा. मनात चार अंक मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्या, सहा अंक मोजेपर्यंत सोडा. एक अंक म्हणजे एक सेकंद. झाले दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास कोंडायचा नाही. सहा जड जात असतील तर तीन-चारानं सुरुवात करा. चक्कर आली, हातांना मुंग्या आल्या तर तुम्ही जोर लावताय असं समजा, थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग दहा, जमलं तर पंधरा. शेवटी पाच वेळा भ्रामरी, ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव, तोही श्वास संपेपर्यंत. केळीच्या बागेला आपण पाट फोडून पाणी देत होतो, आता ठिबक आहे. श्वासाचंही ठिबकच चांगलं.

अंग हलवायचं तर खुर्चीत बसून दोन्ही हात वर ताणा, खांदे फिरवा, कंबर डावी-उजवी वळवा. एकेक पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरा, त्यानं मांडी बळकट होते आणि गुडघ्याचा भार हलका होतो. भिंतीला हात लावून टाचा वर करा. बाजेवर पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचला, तेच सेतुबंधासन. वज्रासन आणि मांडी घालणं विसरा. या दिवसांत हे पहाटेच उरका, सातच्या आत. आपल्याकडे वैशाखात नऊ वाजता अंगण तव्यासारखं तापतं, तेव्हा घाम गाळण्यात काही पुण्य नाही.

आणि मीठ. दिवसाला एका माणसाला एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात शेव, पापड, लोणचं, बिबडे सगळं आलं. बीपीसाठी हे दहा आसनांपेक्षा लवकर दिसतं. मशेरी लावत असाल तर तीही मोजा. पत्रात नाही, पण मी विचारून ठेवते. कपालभाती संपवून सतरंजीवरच तंबाखू मळायला बसणारे मी माझ्या वर्गात पाहिले आहेत.

गुरुजींना गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं हीच चार-सहाच्या श्वासाची मात्रा, ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन आणि शेवटी दहा मिनिटं शवासन. त्याशिवाय अर्धा तास चालणं. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी साखर झपकन उतरवणारी गोळी असेल तर उपाशीपोटी लांबलचक व्यायाम नको. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि रोज रात्री तळपाय पाहायचे. बधिर पायाला काटा बोचलेला कळत नाही. शेतात अनवाणी जायचं बंद.

मुलाला सांगा, ६.१ म्हणजे शुगर झालेली नाही, उंबऱ्यावर उभी आहे. ५.७ ते ६.४ हा तो उंबरा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये अशाच उंबऱ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षांचा अभ्यास छापला. खाण्यापिण्यात बदल आणि रोजचा व्यायाम यांनी शुगर होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, मेटफॉर्मिन गोळीनं २६.४ टक्क्यांनी. म्हणजे या टप्प्यावर खाण्यातला बदल आणि चालणं मिळून गोळीच्या तोडीस तोड आहेत. बापाला जे लागू नाही ते मुलाला लागू आहे, हे दोघांना एकत्र बसवून सांगू नका, भांडण लागेल. रोज तीस-चाळीस मिनिटं भरभर चालायचं, आठवड्यातून तीन-चार दिवस सूर्यनमस्कार, दर तासाला खुर्ची सोडायची, पोटाचा घेर कमी करायचा. श्वासाचा व्यायाम झोपेसाठी करावा, शुगरसाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. वर्षानं पुन्हा तपासणी.

गुरुजींना कसं समजवायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. समजवू नका, काम द्या. शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आखायला सांगा. तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, गोळी घेतली का, चाललो का, श्वास किती मिनिटं. त्यांच्या अक्षरात. दोन हजेऱ्या, एक त्यांची, एक तुमची, आणि तुमची भरायचं कामही त्यांच्याकडेच द्या. आपल्या हातानं लिहिलेला आकडा माणूस खोडत नाही, शिक्षक तर नाहीच. 'गोळी कधीच सुटणार नाही' असं म्हणून त्यांची उमेद मारू नका. कमी होऊ शकते. काहींची होते. फक्त ती वही पाहून डॉक्टर करतील, शिबिराच्या सातव्या दिवसाच्या जोरावर नाही.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे, आणि आमरस-मांड्यांचं तुम्ही विचारलं नसलं तरी मनात असणारच. शुगर ताब्यात येईपर्यंत वाटी-वाटी आमरस नाही. डॉक्टर हो म्हणाले तर आंब्याची एक फोड, पण जेवणाऐवजी नाही, जेवणातच, तेवढी भाकरी कमी करून. रोज केळ्याचा घड समोर दिसतो म्हणून केळं खाल्लं असंही नको. दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, वांग्याचं भरीत कमी तेलात, हे घरचंच आहे.

एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं, म्हणून आता एकदा आणि मग थेट श्रावणात, कानबाई देवी बसायच्या आधी. त्या दिवशी वहीची दोन्ही पानं घेऊन डॉक्टरांकडे जा, मग मला पत्र टाका. आकडे दोघांचे लिहा, आणि या वेळी तुमचे आधी.